पडद्यावरचे जग आणि अस्सल परीक्षा

'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द तुम्हांला उर्दूतही भेटतात आणि मराठीतही. शिक्षणाच्या बाबतीत आज या दोन शब्दांचा विचार करण्याची वेळ आली आहे.

संगणकाच्या पडद्यावर आता एक आभासी जग उभे करता येते. त्यात इमारती असतात, वर्ग असतात आणि माणसांच्या जागी त्यांची प्रतिरूपे वावरतात. कोरोनाच्या साथीत, २३ ऑगस्ट २०२० रोजी, मुंबईच्या आय.आय.टी.ने आपला पदवीदान समारंभ अशाच जगात घेतला. विद्यार्थी आपापल्या घरी होते. पडद्यावर त्यांच्या प्रतिरूपांनी संचालकांच्या प्रतिरूपाकडून पदवी स्वीकारली. समारंभ आभासी होता. पण पदवीसाठी केलेला अभ्यास मात्र खरा होता.

शाळेतील मुलांसाठीही अशी सोय आहे. सी-डॅक ही संस्था आणि अमृता विद्यापीठ यांनी 'ओलॅब्ज' नावाची पडद्यावरची प्रयोगशाळा तयार केली आहे. तेथे आम्लाच्या चंबूत थेंब थेंब आम्लारी सोडता येते. थेंब जास्त पडले, तर प्रयोग पुन्हा करावा. काच फुटत नाही, हात भाजत नाही, रसायनही वाया जात नाही. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथील मुलांना याचा मोठा लाभ आहे.

मग परीक्षाही तेथेच घ्यावी का? माझ्या मते, केवळ तेथेच घेऊ नये. बटण कोणी दाबले, हे पडद्यावर दिसत नाही. शिवाय आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्याच्या डोंगरांत, काही पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळत नाही. परीक्षा चालू असताना संपर्क तुटला, तर दोष विद्यार्थ्याचा नसतो. गुण मात्र त्याचेच जातात. हा न्याय नव्हे.

२०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. विद्यार्थ्याला पारखण्याचे काम शेवटी शिक्षकांकडेच आले.

म्हणून सराव पडद्यावर खुशाल करावा. नंतर शिक्षकांनी विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे, "चंबूतला रंग का बदलला?" जो स्वतःच्या शब्दांत कारण सांगेल, त्याला प्रयोग समजला. जग नक्कल असले तरी चालेल. ज्ञान अस्सल हवे.