प्रशिक्षणातून बाहेर पडलेला कुत्रा ‘नापास’ असतो का?



रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते. मागे पाचवीला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला होता. नेहमीप्रमाणे निम्म्याहून जास्त मुलांनी कुत्रा घेतला. कुत्रा इमानी असतो, राखण करतो, पोलिसांना चोर शोधून देतो वगैरे. वह्या वाटताना एका मुलाने विचारलं, “बाई, ज्या कुत्र्याला पोलिसांचं काम जमत नाही, त्याचं काय करतात?”

या मुलाचं नाव नवोदयच्या यादीत आलं नव्हतं. म्हणून मला थातूरमातूर उत्तर देववेना. मी माहिती काढली, ती तुम्हालाही सांगते.

आधी आपल्याकडचं. २६/११ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या मॅक्स, सीझर, सुलतान आणि टायगर यांनी काम केलं. सेवा संपल्यावर हे चौघे विरारच्या एका फार्मवर राहायला गेले. शेवटचे दिवस त्यांनी तिथे मोकळ्या हवेत काढले आणि २०१६ मध्ये एकामागून एक चौघेही गेले. पण हे सेवा पूर्ण केलेले वीर. आमच्या मुलाचा प्रश्न होता तो न जमलेल्यांचा.

त्याचं उत्तर अमेरिकेतल्या लुलूकडे मिळालं. लुलू ही काळी लॅब्राडॉर. २०१७ मध्ये सीआयए या गुप्तचर संस्थेत ती स्फोटकांचा वास ओळखायला शिकत होती. काही आठवड्यांनी तिचं लक्षच लागेना. खाऊ दाखवा, खेळ द्या, तिला त्या वासात रस नव्हता. प्रशिक्षकांनी तिला लगेच काढून टाकलं नाही. कुत्रा काम करेनासा झाला की ते आधी कारण शोधतात. कंटाळा आलाय का? खेळायला कमी मिळतंय का? थोडी विश्रांती हवी का? खाणं सोसत नाही का? बहुतेक वेळा तिथेच प्रश्न सुटतो. लुलूच्या बाबतीत मात्र हे काम तिचं नाहीच, असं ठरलं. मग तिला सांभाळणाऱ्या प्रशिक्षकानेच तिला घरी नेलं. तिथे ती मुलांशी खेळू लागली, अंगणातल्या ससे-खारींचा माग काढू लागली.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड पोलिसांकडे गॅव्हल नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो माणसांशी फारच प्रेमाने वागायचा. पोलिसांच्या कुत्र्याला हे कसं चालणार? त्याचं प्रशिक्षण थांबलं, पण त्या राज्याच्या राज्यपालांनी त्याला आपल्या निवासस्थानी पाहुण्यांचं स्वागत करायला ठेवून घेतलं. जो गुण तिकडे अडचण होता, तोच इकडे कामाला आला.

मुलं खूश झाली. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण लुलूच्या प्रशिक्षकांनी जे केलं ते मी केलं नव्हतं.

नवोदयसाठी मी दर रविवारी जादा तास घ्यायचे. हा मुलगा रविवारी येतच नसे. मी दोनदा रागावले आणि पालकसभेत सगळ्यांसमोर बोलूनही गेले, “याला काही पडलेलंच नाही.” कारण विचारलं नाही. नंतर कळलं की शनिवार-रविवारी गडावर पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा तो आईबरोबर ताक विकायला बसतो. कारण माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. तास बुधवारी ठेवला असता तरी चाललं असतं.

निकालानंतर त्याचे बाबा म्हणाले, “वर्ष फुकट गेलं.” पालकहो, जरा हिशोब बघा. आपल्या जिल्ह्याचं नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. तिथे सहावीत दरवर्षी जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. परीक्षा एकदाच देता येते. ८० जागांबाहेर राहिलेलं प्रत्येक लेकरू फुकट गेलं, असं आपण म्हणणार का? ती यादी एका शाळेत प्रवेश कोणाला हे सांगते, त्यापेक्षा जास्त काही सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, “बाई, मग ज्याला जे आवडत नाही ते सोडूनच द्यायचं का?” नाही. लुलूला वास ओळखणं सोडता आलं, आपल्या मुलांना वाचन आणि हिशोब सोडता येणार नाही. ते प्रत्येकाला आलंच पाहिजे आणि येईपर्यंत आपण मागे हटायचं नाही. ‘त्याचा कल नाही’ असं म्हणून वाचता न येणारं मूल पुढच्या वर्गात ढकलणं ही आपली पळवाट झाली. पण नवोदय, शिष्यवृत्ती, स्पर्धा या सगळ्यांसाठी नाहीत. तिथून बाहेर पडलेल्या मुलाचं पुढे काय, हे आपण आधीच ठरवून ठेवायला हवं.

म्हणून मी आता दोन गोष्टी पाळते. ‘जमत नाही’ हा शेरा वहीत लिहिण्याआधी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन येते. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी, नाव न आलेल्या मुलाला एक खरं काम देते. मन राखण्यापुरतं नव्हे, ज्याच्यावाचून शाळेचं अडेल असं काम.

त्या मुलाला मी शाळेत येणाऱ्या पाहुण्यांना गडाची माहिती सांगायचं काम दिलं. रोज पर्यटकांशी बोलून त्याची भीड केव्हाच चेपली आहे. हिरकणीची गोष्ट तो अशी सांगतो की पाहुणे चहा विसरतात. गणितात तो अजून कच्चाच आहे. त्याचा जादा तास आम्ही आता बुधवारी घेतो.

तुमच्या वर्गातही असं एक नाव यंदा यादीत नसेल. उद्या शाळेत गेलात की आधी त्याला हाक मारा.