घ्यावे, घालावे, तळावे : फराळाचे व्याकरण

दसरा सरला की मराठी नियतकालिकांना दोन उमाळे एकदमच येतात : एक साहित्याचा, दुसरा फराळाचा. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्या परंपरेत पुढे ही सांगड इतकी घट्ट बसली, की दिवाळी अंकाला ‘वाङ्मयीन फराळ’ म्हटल्यावाचून कित्येक संपादकीये पुरी होत नाहीत. मात्र कथा-कवितेची पाने समीक्षकांसाठी आणि ‘झटपट, सोप्या, घरगुती पाककृतीं’ची पाने वहिनींसाठी, ही वाटणी आम्ही मराठीच्या अध्यापकांनी निमूटपणे मान्य केलेली आहे. या लेखात आम्हांला ती मोडायची आहे. पाककृती ही एक संहिता आहे. तिला निवेदक असतो, गृहीत वाचक असतो आणि कुठल्याही संहितेप्रमाणे तीही काही सांगते, काही दडवते. आमचा आरोप स्पष्ट आहे : सणासुदीची ‘सोपी घरगुती पाककृती’ करणारीला दडवते, तिचा वेळ दडवते आणि ‘घर’ या शब्दाआड एकाच प्रकारचे घर वाचकाच्या गळी उतरवते.

प्रथम व्याकरण पाहू. घ्यावे, घालावे, ढवळावे, तळावे. विध्यर्थाची ही अखंड माळ ओवताना कर्त्याचा कुठे मागमूस नसतो. अनारशांचेच घ्या. ‘तांदूळ तीन दिवस भिजवून, सुकवून, कुटून घ्यावेत’ हे एक वाक्य. या एका वाक्यात रोज पाणी बदलणे आहे, तांदूळ सावलीत पसरून त्यांच्यात दमटपणा नेमका उरेल इतकाच वेळ थांबणे आहे, कुटणे आणि चाळणे आहे. मग गूळ कालवून पीठ मुरवायचे. एवढे करूनही कढईत अनारसा हसला, म्हणजे तुपात विरून गेला, की बोल कोणाला? वाक्यात नसलेल्या कर्त्याला. यशाच्या वेळी अदृश्य आणि अपयशाच्या वेळी हजर असा हा कर्ता मराठी व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही, स्वयंपाकघरात सापडतो.

दुसरे उदाहरण आमच्या बीड जिल्ह्याचे. बालाघाटाच्या डोंगररांगांत सीताफळ रानोमाळ येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ते नेमके दिवाळीच्या आगेमागे पिकत असल्याने ‘सीताफळ रबडी : अगदी सोपी’ हे शीर्षक दरसाल कुठे ना कुठे भेटतेच. ‘सीताफळांचा गर काढून घ्यावा’, मग दूध आटवावे, साखर घालावी, थंड करावे. ज्याने एकदा तरी हा गर काढला आहे, त्याला या पहिल्या वाक्यातली लबाडी कळेल. एकेका बीपासून गर सोडवताना बोटे चिकट होतात, पाठीला रग लागते, तास उलटतो. रबडीतले सारे अवघड काम एका क्रियापदात आवळून टाकायचे आणि उरलेल्याला ‘सोपे’ म्हणायचे, ही खरी कृती. डोंगरउतारावरून ही फळे वेचून, पाटीत भरून रस्त्याकडेला विकायला बसणाऱ्या बाया तर त्या वाक्याच्याही अलीकडेच राहिल्या.

इथे कोणी म्हणेल की, सोप्या पाककृतींनी बायकांची सुटकाच केली. हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’पासून कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) मराठीत पाककलेच्या पुस्तकांनी मोठे काम केले. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचे माप रूढ केले आणि सासू-आईच्या ‘अंदाजा’पासून दूर, परगावी संसार थाटलेल्या मुलीच्या हाती तो अंदाज सोपवला. त्या कृतीत वाचकाविषयी आदर होता. आजच्या झटपट कृतीत तो आदर नाही, घाई आहे. ‘तयार भाजणी घ्यावी’, ‘अनारशांचे तयार पीठ वापरावे’ असे ती सांगते तेव्हा श्रम नाहीसे होत नाहीत, हात बदलतात. ते पीठ कुठल्या तरी बचत गटातल्या बाईने कुटलेले असते. आमच्याही घरी ते विकतच येते. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण तिच्या श्रमांवर ‘घरगुती’ असा शिक्का मारताना ते घर कोणाचे, एवढे तरी विचारावे की नाही?

आता आमचा स्वतःचा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी आम्ही काम करीत होतो त्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ‘सोपा फराळ, सर्वांसाठी’ असे एक सदर आम्हीच सुरू केले. लाडू, चिवडा, शंकरपाळे असा रीतसर मजकूर आला. त्यात एका विद्यार्थिनीचे दोन पानी टिपण होते. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घेतलेली, हंगाम लवकर सुरू झालेला, म्हणून त्या वर्षीची दिवाळी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत झाली होती. तिने कृती दिली होती गुळवणीची. तिची वाक्ये साधी होती : आईने चुलीवर पाणी ठेवले, मी गूळ फोडला, शेजारच्या कोपीतल्या मावशीने कणकेची चिमूट लावली, चार कोप्यांनी एकाच चुलीवर चपात्या भाजून सगळ्यांनी मिळून खाल्ले. गुळाचे माप तिने लिहिले होते : ‘उरला असेल तेवढा’. शेवटी एक ओळ होती, की पहाटे गाडी जुंपायची असल्याने भांडी रात्रीच घासली.

आम्ही ते टिपण ‘सुधारले’. ‘उरला असेल तेवढा’ खोडून ‘एक वाटी’ केले. ‘आईने पाणी ठेवले’चे ‘पाणी उकळत ठेवावे’ झाले. मावशी, चार कोप्या, गाडी आणि भांडी ‘विषयाला धरून नाहीत’ म्हणून गेली. ‘कोपी’ हा शब्द प्रमाण नाही, असेही आमच्यापैकी कोणी तरी म्हणाले. उरली आठ ओळींची एक नेटकी कृती; वर तिचे नाव, आत ती नाही. अंक निघाला, तिने तो घेतला. पुढच्या वर्षी आम्ही मागितले तरी तिने काही लिहून दिले नाही.

‘उरला असेल तेवढा’ हे माप चुकीचे नव्हते. ज्या घराविषयी ते लिहिले होते, त्या घरात ते अचूक होते. वर्गात आम्ही दलित आत्मकथनांतल्या भुकेवर व्याख्याने देतो, प्रमाणभाषेच्या वर्चस्वावर प्रबंध तपासतो आणि वार्षिकांकाच्या टेबलावर बसलो की हातातले पेन थेट गुळाच्या मापावर चालवतो. आणि हा उपद्व्याप कुठे? ज्या जिल्ह्यातले हजारो जोडपी-कोयते साखरेसाठी ऊस तोडायला दरसाल गाव सोडतात, त्या जिल्ह्यात.

शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचे हे दस्तऐवजीकरण २०२४ साली इंग्रजीतही गेले. त्यात पाककृती आहेत, आणि त्या कोणाच्या, कोणत्या परिस्थितीत, कशाच्या अभावी जन्मल्या हेही आहे. म्हणजे पाककृती कर्त्यासकट लिहिता येते, याचा पुरावा आमच्या शेजारच्याच मातीत उभा आहे. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीला ‘खमंग’ लिहिताना कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटतो तो आम्हां अभ्यासमंडळी गाजवणाऱ्यांना.

वाटून खाण्याचा सण हवा असेल तर तोही इथे आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवप्रमाणे आमच्या अंबाजोगाई-परळीकडेही माणसे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पूजा होते. भज्जी, अंबील, उंडे, खीर असा बेत असतो आणि ज्याला शेत नाही त्यालाही आवर्जून बोलावणे जाते. भज्जीत कोवळे दाणे आणि भाज्या जितक्या मिळतील तितक्या पडतात, बेसन आणि ताक लागते. माप माणसे पाहून ठरते. पुरवण्यांच्या ‘पार्टी स्पेशल’ पानांवर ही भज्जी आम्ही क्वचितच पाहिली. आणि शेतातल्या कडब्याच्या कोपीत ही पंगत बसते, तेव्हा ऊसतोडीची कुटुंबे दूरच्या तळावर, पाचटाच्या कोपीत असतात. हे लिहिल्याशिवाय वेळ अमावस्येची कृतीही आम्ही पूर्ण मानणार नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाने एका सत्रात विद्यार्थ्यांकडून त्यांच्या घरच्या सणाची एक पाककृती लिहवून घ्यावी : करणारीच्या तोंडच्या भाषेत, तिच्या मापाने, किती वेळ लागला आणि कोणाकोणाला वाढले या नोंदींसह. तिला गुण द्यावेत, तिच्यावर चर्चा घडवावी आणि छापताना एक अक्षर बदलू नये. संपादकांनीही ‘सोपी’ हा शब्द वापरण्यापूर्वी, कोणासाठी, हे लिहावे.

असो. त्या विद्यार्थिनीचे मूळ टिपण आमच्यापाशी राहिलेले नाही. वर दिले ते आठवणीतून. म्हणजे पुन्हा आमच्याच शब्दांत. आणि ही चूक आता दुरुस्त करता येण्यासारखी नाही.