चर्च फुटले, बंदी उठली

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने १ मे २०२४ रोजी शार्लट शहरातल्या अधिवेशनात समलिंगी पाद्र्यांवरची बंदी उठवली. ठराव इतर विषयांच्या गठ्ठ्यातच मांडला गेला. चर्चा शून्य, मते ६९२ विरुद्ध ५१. हीच बंदी २०१९ मध्ये सेंट लुईसला ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी आणखी कडक झाली होती!

एवढे मतपरिवर्तन झाले कसे? खरे तर बरेचसे अमेरिकी विरोधक सभागृहात उरलेच नव्हते. मधल्या काळात सुमारे ७,६०० मंडळ्यांनी, म्हणजे तिथल्या जवळपास पाव चर्चनी, काडीमोड घेतला होता. तोही फुकट नव्हे. इमारत स्थानिक मंडळी वापरत असली तरी अंतिम हक्क मूळ संस्थेचा. त्यामुळे ठरलेली वर्गणी आणि पाद्र्यांच्या पेन्शनचा वाटा चुकता केल्यावरच वास्तू ताब्यात आली. देवाच्या दारातही हिशेबनीस लागतोच.

उदारपणामुळे चर्च ओस पडतात, हा सनातन्यांचा लाडका आरोप मात्र लंगडा आहे. समलिंगी विवाहाला ठाम विरोध करणाऱ्या सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्याच प्रोटेस्टंट पंथाची सदस्यसंख्याही २००६ नंतर एक कोटी ६० लाखांवरून एक कोटी ३० लाखांच्या खाली आली आहे.