उसाचा हिशेब आणि माणसाचा

वारणाकाठच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. त्याच्या आधाराने दूध संघ, शिक्षणसंस्था व रुग्णालय उभे राहिले आणि वारणानगर हे नाव सहकाराचा दाखला म्हणून महाराष्ट्रात घेतले जाऊ लागले. म्हणूनच एका अवघड कार्याचा आरंभ याच नगराने करावा, असे आम्हांस वाटते.

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या दुष्काळी मुलुखातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडांत उतरतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते आणि पुष्कळदा वर दंडही बसतो. गरोदर स्त्रीचे नाव गावच्या आशाताईच्या वहीत. ती स्वतः मात्र दूरच्या कोपीत. बाळाची एक लस गावी टोचलेली, पुढची कोठे टोचावयाची हे सांगणारा कोणी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ती याच दैन्यापायी.

मग संस्थांचा तुटवडा आहे काय? मुळीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. टोळ्यांच्या करारांची नोंद कारखान्यांकडे आहे. गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्याने व तितकेच सरकारने द्यावेत, या तत्त्वावर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही स्थापन झाले आहे. उणीव आहे ती या सर्वांस जोडणाऱ्या कराराची. आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीमागे एक, या मानाने ठरते. हंगामी माणूस त्या वस्तीत धरलेलाच नसतो.

संयुक्त कार्य कसे बांधावे, हे वारणेस नवे नाही. १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याच्या प्रकल्पात केंद्राने निम्मा, राज्याने ४० टक्के व वारणा समूहाने १० टक्के खर्चाचा वाटा उचलावयाचा ठरला होता. त्या यंत्रणेतून शेतकऱ्यास आपल्या उसाचा हिशेब गावातच मिळू लागला. उसाचा असा हिशेब ठेवता येतो, तर ऊस तोडणाऱ्या आईच्या लेकराचे वजन कोणाच्याच वहीत का नसावे?

कामगार आमचे नव्हेत, मुकादमाचे, असे उत्तर कारखानदारीकडून नेहमी मिळते. कायद्याच्या भाषेत ते टिकेलही. परंतु ज्या हातांवाचून गव्हाणीत मोळी पडत नाही, ते हात परके कसे?

तेव्हा हंगामापूर्वीच लेखी करार व्हावा. कारखान्याने टोळ्यांची यादी द्यावी. जिल्हा परिषदेने परिचारिकेच्या फेरीचे वार ठरवून द्यावेत. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नये. उपचारांची नोंद हंगामाअखेर कामगाराच्या गावच्या केंद्रास पोहोचावी. कोणी किती खर्च केला आणि कोणते काम राहिले, हे वार्षिक सभेत सभासदांपुढे वाचले जावे. सदिच्छांची निवेदने पुष्कळ झाली. ज्या भागीदारीचा हिशेब कोणी मागत नाही, ती भागीदारी नव्हे. वारणानगरने हा पायंडा पाडला, तर इतर कारखान्यांना मागे राहणे जड जाईल.