कॅमेरा किनाऱ्यावर ठेवा

आपल्या हॉस्टेलवर कशावरून वाद पेटेल याचा नेम नाही. मेसच्या वरणावरून पेटतो, पंख्याच्या स्पीडवरून पेटतो. या दिवाळीनंतर मात्र तो पेटला चक्क समुद्रावरून. आणि तोही कळमेश्वरात! जिथून कुठलाही समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, आणि ‘पाणी’ म्हटलं की आपल्याला गोरेवाड्याचा तलाव आठवतो.

झालं असं, की आपलाच एक सिनियर, सध्या पुण्यात नोकरीला, भेटायला आला. म्हणाला, वर्षभर साठवलेल्या पगारातून अंदमानला लिव्हअबोर्ड ट्रिपला जाणार, पाण्याखालची फोटोग्राफी शिकायला. लिव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर बोटीवरच मुक्काम. तिथंच जेवण, तिथंच झोप, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीला सिलिंडर लावून पाण्यात उडी. कॅमेरा, त्याची वॉटरप्रूफ पेटी, फ्लॅश, सगळं घ्यायची तयारी झालेली. आम्ही विचारलं, ‘‘आतापर्यंत डाइव्ह किती?’’ तर म्हणे, एक. तीही मालवणला, गाइडने धरून नेलेली.

मग काय, रूममध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी, ‘‘काहून बे, इथं उन्हाळ्यात टँकर लागते अन् तू समुद्रात फोटो काढाले चालला?’’ आणि दुसरी, ‘‘जाऊ दे ना भाऊ, आयुष्य एकदाच मिळते.’’ मला दोन्ही पार्ट्या चुकल्यासारख्या वाटतात.

पहिल्या पार्टीचं उत्तर सोपं आहे. विदर्भातल्या माणसाने समुद्राशी काय घेणं, हा प्रश्नच चुकीचा. आपल्यातले अर्धे जण पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेत. पैसा त्याने स्वतः कमावलाय. माझे बाबा संत्र्याच्या बागेचा हिशेब पैशापैशाने ठेवणारे, पण त्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, ‘‘कर्ज काढून नको जाऊ म्हणा. बाकी ज्याचे पैसे त्याची हौस.’’ असो.

दुसऱ्या पार्टीशी भांडण जरा मोठं आहे, कारण मागच्या वर्षापर्यंत मीही त्याच पार्टीत होतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं मालवणला गेलो. नागपूर ते मुंबई, मग कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एस.टी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात नवख्यांना खाली नेतात. मी हट्टाने भाड्याचा छोटा कॅमेरा मनगटाला बांधून घेतला. गाइड म्हणाला, ‘‘आधी श्वास घ्यायला शीक, फोटो मागाहून.’’ ऐकतो कोण! खाली गेलो, एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा दिसला, आणि मी त्याच्याकडे असा झेपावलो जसा आपण मेसमध्ये रविवारच्या पुरीकडे झेपावतो. तोल गेला. पाय सरळ खालच्या खडकावर, आणि त्या खडकावर प्रवाळ होतं. काहीतरी कट्‌कन मोडल्याचं मला फिन्समधूनही जाणवलं. वाळू उडाली, सगळं गढूळ. गाइडने मानगूट धरून वर उचललं. फोटो किती आले म्हणता? सत्तावीस. सत्तावीसच्या सत्तावीस हिरवट, आणि त्यातल्या एकातही मासा नाही.

ते मोडलेलं अजून डोक्यातून जात नाही. प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. बरीच प्रवाळं वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटीमीटर एवढीच वाढतात. म्हणजे माझ्या एका सेकंदाच्या घाईने कदाचित माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांपेक्षा (बॅक धरून) जास्त काळाचं काम मोडलं. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ताडोबात जिप्सीतून खाली पाय ठेवला तर आपण त्या माणसाला शिव्या घालतो. मी तर त्या वसाहतीवर उभा राहिलो होतो, आणि तेही फोटोसाठी!

म्हणून माझं मत: ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही, त्याच्या हातात कॅमेरा देऊ नये. हे नुसतं प्रवाळाच्या दयेपोटी म्हणत नाही, आपल्याच जिवाचं गणित आहे. बारा लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला तर हवा झाली २४०० लिटर. पन्नास बार राखीव सोडले की उरली १८००. वर मिनिटाला २० लिटर लागत असेल, तर २० मीटर खोल दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट, ६० लिटर. भागाकार करा. तीस मिनिटं! आणि हे शांत माणसाचं झालं. मासा पळाला, फ्लॅश पेटला नाही, बटण सापडेना, अशा वेळी माणूस धापा टाकतो आणि गेजकडे बघायचं विसरतो. मग घाबरून श्वास रोखून झपकन वर आला, तर बॉइलचा नियम व्हायवाला नव्हे, स्वतःच्या फुप्फुसात सिद्ध होतो.

माझे फोटो हिरवट का आले, तेही नंतर एका सरांशी बोलताना कळलं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. शिवाय वस्तू पाण्याखाली पाऊणपट अंतरावर असल्यासारखी दिसते, म्हणजे हात पुढे केला तरी मासा लांबच. यावर उपाय एकच, हातभर अंतरापर्यंत जवळ जायचं आणि स्वतःचा उजेड न्यायचा. जवळ जायचं म्हणजे काहीही न हलवता जायचं. फिरून फिरून गाडी तिथंच येते.

आता कुणी म्हणेल, मग लिव्हअबोर्ड वाईट का? मुळीच नाही! शिकायला त्यासारखी जागा नसेल. सकाळी काढलेला फोटो दुपारी टेबलावर सगळ्यांसमोर उघडायचा, चूक बघायची आणि संध्याकाळी तीच चूक न करता पुन्हा उतरायचं. आपल्याला वर्कशॉपच्या तासालाही एवढा सराव मिळत नाही. आणि काही जागा अशा आहेत की बोटीवर राहिल्यावाचून गत्यंतरच नाही. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात ‘आंग्रिया बँक’ नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ. महाराष्ट्रात किती जणांनी त्याचा फोटो पाहिलाय? ताडोबाचा वाघ प्रत्येक कॅलेंडरवर आहे, आंग्रिया एकाही कॅलेंडरवर मला दिसलेलं नाही. असे फोटो मराठी पोरांनी काढावेत असं मला मनापासून वाटतं. पण तिथं पहिला धडा गिरवायला जाऊ नये.

बोट निवडतानाही डोकं शाबूत ठेवावं. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेले चौतीस जण गेले. चौकशीत मुख्य ठपका आला तो रात्री फिरता पहारा नसल्यावर. आग नेमकी कशाने लागली हे सिद्ध झालं नाही, पण चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची चर्चा बरीच झाली. फोटोग्राफरांच्या बोटीवर चार्जर म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या एक्स्टेंशन बोर्डापेक्षा वाईट अवस्था. पैसे भरण्याआधी रात्री जागं कोण असतं आणि बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठे आहे, हे विचारायला लाजू नये.

सिनियरला मी हे सगळं सांगितलं. आधी तारकर्लीला जा म्हटलं. तिथं एम.टी.डी.सी.ची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. रीतसर कोर्स कर, वीस-पंचवीस डाइव्ह रिकाम्या हाताने कर. तो चिडला. म्हणाला, ‘‘तू एकदा बुडाला अन् मले शिकवतं!’’ मुद्दा बरोबर आहे. पण दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, की त्याने ट्रिप पुढच्या सीझनला ढकलली आहे. कॅमेरा मात्र घेणारच म्हणतो.

घेऊ दे. त्याच्या पेटीवरून मला एक सुचलंय. १८९३ मध्ये लुई बुताँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा त्याची पेटी बनवली होती त्याच्या इंजिनिअर भावाने. वीस मीटरवर दहा बाय दहा सेंटीमीटरच्या झाकणावर साधारण दोनशे किलोचा जोर येतो, आणि ओ-रिंगवर एक केस राहिला तरी आत पाणी. मेकॅनिकलच्या पोट्ट्यांनो, फायनल इयरला याहून चांगला प्रोजेक्ट कोणता? कॅमेरा न घालता रिकामी पेटी दोर बांधून विहिरीत सोडायची. आमच्या बागेतली विहीर पावसाळ्यानंतर बारा मीटर भरलेली असते. बाबांना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत. दोर तेवढा तुमचा आणा.