आभाळातले पेव कोणाच्या मालकीचे?



मागच्या खरिपातली गोष्ट. पीक नोंदणीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तालुक्याच्या एका केंद्रावर पन्नास-साठ माणसे रांगेत उभी. खिडकीतला पोरगा दर अर्ध्या तासाने एकच मंत्र म्हणत होता, "सर्व्हर डाऊन आहे." माझ्या पुढे साठी ओलांडलेली एक माय उभी होती. चार एकर कापूस, एक एकर ज्वारी. तिचा हा तिसरा हेलपाटा. दर हेलपाट्याला एक दिवसाची निंदणी बुडाली होती. ती मला म्हणाली, "भाऊ, हा सर्व्हर रायते कोठी? मले घेऊन चाला त्याच्यापाशी, मी इचारतो त्याले."

रांग हसली. मीही हसलो. घरी येऊन विचार केला, तेव्हा कळले की त्या दिवशी त्या केंद्रावर शहाणा प्रश्न एकाच माणसाने विचारला होता.

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. आम्हाला माती शिकवली, बियाणे शिकवले, बोंडअळी शिकवली. सर्व्हर कोणी शिकवला नाही. पण आता पेरा त्यावर, सातबारा त्यावर, शेतकरी ओळख क्रमांक त्यावर. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नाव नोंदवावे लागले. तेव्हा हे समजून घेण्यावाचून सुटका नाही.

वखार भाड्याची

सरकार आपली सगळी कामे 'क्लाउड'वर नेत आहे. क्लाउड म्हणजे ढग. पण आभाळात काही नसते. शहराबाहेर मोठमोठ्या इमारती असतात, त्यांत हजारो संगणक, ते थंड ठेवणारी यंत्रे, वीज गेली तर जनरेटर. सरकारने स्वतःचे संगणक विकत घ्यायचे नाहीत, या इमारतींतली जागा आणि यंत्रांचे काम भाड्याने घ्यायचे. जसा आपण ट्रॅक्टर विकत न घेता तासावर बोलावतो, तसेच.

केंद्र सरकारने २०१३ मध्ये 'मेघराज' या नावाने हे धोरण मांडले. पुढे खाजगी कंपन्यांनाही तपासणी करून यादीवर घेतले. माहिती देशातच ठेवायची ही अट घातली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःचे सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,८१७ कोटींचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. त्यात शेतकऱ्याची, शेताची आणि पिकाची नोंद एकत्र बांधायची आहे.

आपल्या आजोबांची ज्वारी घरच्या पेवात असे. सरकारी वखार आली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पावती देता का? आणि मागितली तर माझी ज्वारी परत कधी देता?" आज आपल्या नोंदी वखारीत चालल्या आहेत. हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आमचा विरोध यंत्राला नाही

यंत्राला घाबरणाऱ्यांतले आपण नाही. क्लाउडचा एक मोठा गुण आपल्याच कामाचा आहे. शेतीच्या नोंदणीचे काम वर्षभर सारखे नसते. दहा महिने केंद्र ओस आणि शेवटच्या आठवड्यात जत्रा. घरचे यंत्र घेतले तर दहा महिने ते धूळ खाते आणि जत्रेच्या दिवशी बसकण मारते. भाड्याच्या व्यवस्थेत गर्दीच्या आठवड्यात दहापट यंत्रे लावता येतात आणि गर्दी सरली की सोडून देता येतात. ज्याला वेचणीला चार मजूर जास्त लावायचे कळते, त्याला हे कळायला कॉलेजात जावे लागत नाही.

म्हणूनच सांगतो, क्लाउडवर गेल्यानंतरही शेवटच्या दिवशी 'सर्व्हर डाऊन'ची पाटी लागत असेल, तर तो निसर्गाचा कोप नाही. जास्तीची यंत्रे लावायला कोणीतरी पैसे दिले नाहीत, किंवा गर्दी झेलणारा प्रोग्राम कोणीतरी लिहिला नाही. गर्दीची तारीख सरकारने स्वतः ठरवलेली असते. पावसाची तारीख आपल्याला माहीत नसते, तरी आपण बियाणे आणून ठेवतो. यांना तारीख माहीत असून तयारी नाही.

नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

ठेकेदार सांगेल, "आमची सेवा वर्षातून साडेनव्याण्णव टक्के वेळ चालू राहील." ऐकायला झकास. आता हिशेब मांडा. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास. हे ४४ तास फेब्रुवारीत बंद राहिले तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण ते मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत बंद राहिले तर शेतकऱ्याचा पेरा नोंदला जाणार नाही. करार मात्र शंभर नंबरी पाळला गेला! ठेकेदाराचे बिल मंजूर, बाबूची फाईल साफ. नुकसान फक्त त्या मायचे.

यात दोष संगणकाचा नसतो, नियोजनाचा असतो. २०१७ ची कर्जमाफी आठवा. ३४,०२२ कोटींचा आकडा जाहीर झाला. प्रत्येकाने ऑनलाइन अर्ज भरायचा असे ठरले. बायकोला घेऊन या, अंगठा उमटवा, पुन्हा या. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईत समारंभ करून प्रमाणपत्रे वाटली. त्यानंतर याद्यांतल्या चुका उघड झाल्या आणि पोर्टलवरची यादी काढून घ्यावी लागली. आधी घोषणा, मग समारंभ आणि शेवटी तपासणी. कोळपणी आधी आणि पेरणी नंतर, असा हा कारभार.

नवा एकाधिकार

कापूसवाल्यांना एकाधिकार म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. विकायचे तर एकालाच, तो ठरवील त्या दिवशी, तो देईल त्या हप्त्याने. दुसऱ्या राज्यात कापूस नेला तर गुन्हा. दोष काट्याचा नव्हता, खरेदीदार एकच होता हा दोष होता.

क्लाउडच्या करारात हाच धोका दडलेला असतो. एका कंपनीच्या यंत्रावर, तिच्याच पद्धतीने सगळा कारभार बांधला की पाच वर्षांनी तिने भाडे वाढवले तरी उठून जाता येत नाही. संकरित ज्वारीसारखे आहे. उत्पन्न वाढते, पण घरचे बी पुढच्या वर्षी चालत नाही, दुकानाची पायरी दरसाल चढावी लागते. मोठ्या क्लाउड कंपन्यांची रीत अशी की माहिती आत टाकायला बहुधा फुकट, बाहेर काढायला पैसे. युरोपीय संघाने यावर कायदाच केला. १२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला आणि कंपनी बदलण्याचे शुल्क जानेवारी २०२७ पासून बंद, असे त्यात लिहिले. ब्रिटनच्या सरकारने २०१२ पासून क्लाउड खरेदी सुरू केली, ती अनेक पुरवठादारांची किमतीसह उघडी यादी करून आणि सुरुवातीला छोट्या मुदतीचे करार करून. श्रीमंत देशांना ही भीती वाटते. आपल्या मंत्रालयाला का वाटू नये?

कळ परक्याच्या हातात असली की काय होते, हेही देशाने पाहिले. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या कंपनीची ईमेलसारखी कामे मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवली. कारण युरोपने त्या कंपनीवर घातलेले निर्बंध. कंपनी भारतातली, तेलशुद्धीकरण गुजरातेत, कळ मात्र दुसरीकडे. दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर पाच एकरवाल्याचे काय?

सरकारी वखारही जळते

कोणी म्हणेल, मग खाजगी नको, सगळे सरकारीच ठेवा. सरकारवर एवढा भरवसा ठेवण्याआधी दक्षिण कोरियाकडे पाहा. संगणकात तो देश आपल्या कितीतरी पुढे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. सरकारी नोकरांनी आपली कागदपत्रे जिथे ठेवली होती ते सरकारी क्लाउड पूर्ण जळाले. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. का नव्हती? तर म्हणे माहिती फार मोठी होती!

ज्वारीचे सगळे बी एकाच कणगीत ठेवू नये हे आपल्या आजीला माहीत होते. तेव्हा खाजगी की सरकारी हा खरा वाद नाही. दुसरी प्रत कुठे आहे, सोडून जायची वाट आहे का, आणि बंद पडले तर भुर्दंड कोणाला, हे तीन प्रश्न खरे.

जिल्हा सभेपुढचा ठराव

१. ज्या दिवशी सरकारी यंत्रणा बंद राहील, तो दिवस मुदतीत धरू नये. जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी अर्ज, विनंती, शिष्टमंडळ लागू नये.

२. नोंदणीच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी करारात वेगळी अट असावी. त्या दिवसांत सेवा बंद पडली तर ठेकेदाराला दंड, आणि तो दंड किती झाला हे तहसीलच्या फलकावर जाहीर.

३. प्रत्येक नोंदीची तारीख-वेळ असलेली छापील पावती शेतकऱ्याच्या हातात मिळावी. संगणक आणि पावती यांत फरक पडला तर पावती खरी धरावी, आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची.

४. गावात रेंज नसेल तर कागदावर नोंद घेण्याची सोय कायम राहावी.

५. करार संपल्यावर सगळी माहिती, दुसऱ्या कोणालाही वापरता येईल अशा स्वरूपात, विनामूल्य परत मिळेल, आणि तिची एक प्रत दुसऱ्या शहरात राहील, ही अट निविदेतच असावी. करार मराठीत छापून जनतेपुढे ठेवावा.

६. आपल्या पेऱ्याची आणि कर्जाची माहिती कोणी, केव्हा, कशासाठी पाहिली, हे शेतकऱ्याने विचारल्यास सांगितले पाहिजे. कापूस किती पेरला हे आपल्याआधी व्यापाऱ्याला कळले तर भाव कोण पाडील, हे सांगायला नको.

यातली एकही मागणी अनुदानाची नाही. वखारीत माल ठेवणारा कोणताही माणूस मागेल तेवढेच आपण मागतो आहोत.

आता एक काम. घरात एक वही करा. ज्या दिवशी 'सर्व्हर डाऊन' ऐकाल, त्या दिवशी तारीख, वेळ, केंद्राचे गाव आणि बुडालेली मजुरी लिहा. केंद्रावर रांगेतल्या दोघांच्या सह्या घ्या. सरकारकडे त्याच्या सोयीची टक्केवारी आहे. आपल्याकडे तासांचा हिशेब असला पाहिजे. जिल्हा सभेला वही घेऊन या. गावागावाचे तास तिथे एकत्र मोजू आणि तोच कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.

त्या मायला मी सांगितले आहे, तूही ये. सर्व्हर कोठी रायते, हे तिनेच विचारायचे आहे.