टोळी केवढी, घास केवढा

एखाद्याला चारी बाजूंनी लुटले की आपण म्हणतो, त्याची लांडगेतोड झाली. कापसाच्या काट्यावर, ज्वारीच्या लिलावात, बँकेच्या वसुलीत ही लांडगेतोड शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या सोसली आहे. सोलापूरच्या माळावरचा खरा लांडगा मात्र या म्हणीतल्या लांडग्यासारखा नाही. तो कसा जगतो, कितीजण मिळून शिकार करतो, हे कोरडवाहू शेतकऱ्याने आणि धनगराने नीट समजून घ्यावे, कारण त्यात दोघांचाही पैसा गुंतला आहे.

लांडग्याची गोष्ट गावोगाव फिरता फिरता वाढत जाते. दोन दिसले तर पारावर पोचेपर्यंत वीस होतात. मग कुणीतरी सांगतो, वनखात्याने गाडीतून आणून सोडले. मग मेलेल्या शेळीत विष घातले जाते, बिळात धूर केला जातो. म्हणून आधी मोजणी पाहू.

नान्नजच्या माळरानावर सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी १९९० च्या दशकात लांडग्यांचा अभ्यास केला. पुढे बिलाल हबीब यांनी याच भागात लांडग्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांचा माग काढला. आपल्याकडची टोळी लहान असते. बहुधा दोन ते पाच, क्वचित सात-आठ. ही टोळी म्हणजे एक कुटुंब. नर, मादी, त्यांची या सालची पिल्ले आणि मागच्या वेतातले एखाद-दुसरे. पिल्ले साधारण हिवाळ्यात, शाळू रानात उभा असताना जन्मतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत आईबापाएवढी दिसू लागतात. तेव्हा सहा-सात लांडगे एकत्र दिसले, तर ती बाहेरून आलेली फौज नव्हे. त्यातले निम्मे शिकाऊ असतात.

टोळी लहान का? कारण घास लहान. आपल्या लांडग्याचे वजन वीस किलोच्या आसपास. त्याचे खाणे ससा, उंदीर, काळवीट आणि आपली शेळी-मेंढी. एका काळविटात तीन-चार पोटे भरतात, दहा भरत नाहीत. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९९५-९६ साली लांडगे आणून सोडले. तिथे दोन-अडीचशे किलोचे एल्क हरीण आणि त्याहून कितीतरी भारी रानगवे आहेत, म्हणून टोळ्याही दहा-दहाच्या होतात. तिथल्या अभ्यासकांनी २०१२ साली एक गंमतीची गोष्ट छापली. एल्क मारायला चार लांडगे पुरतात. त्याहून जास्त झाले तरी यश वाढत नाही. बाकीचे नुसते मागून पळतात आणि जेवायला पुढे येतात. आमच्या सभांना येणाऱ्या पुढाऱ्यांची आठवण कुणाला झाली, तर आमचा इलाज नाही!

शिकारीत लांडगा बळापेक्षा अक्कल वापरतो. एकजण उघड्यावर येऊन राखणदाराचे आणि कुत्र्याचे लक्ष ओढून घेतो. दुसरा ओढ्यातून किंवा उभ्या ज्वारीतून मागच्या बाजूने येतो आणि मागे पडलेले कोकरू उचलतो. म्हणून पाठीमागे एक माणूस ठेवावा, लंगडे जनावर मध्ये घ्यावे, रात्री वाघर घट्ट लावावी, हे जुने शहाणपण आजही खरे आहे.

यातूनच विषाचा तोटाही कळतो. काळविटाला गाठायला सरावलेली जोडी लागते. जोडीतला एक मेला की टोळी फुटण्याचा संभव वाढतो, आणि एकट्या लांडग्याला काळविटापेक्षा कोकरू सोपे. म्हणजे हरभऱ्यात शिरणारे काळवीट वाचते आणि धनगराचे कोकरू जाते. शिवाय विषाने राखणीचे कुत्रे मरते आणि तुरुंगाची पाळी येते ती वेगळीच. इंग्रज सरकारने लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस लावले होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाख लांडगे मारले गेले. आज साऱ्या देशात तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. तेवढ्याने शेतकऱ्याचे दारिद्र्य काही हटले नाही.

उत्तर प्रदेशात १९९६ साली आणि बहराइचला २०२४ साली लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले गेली, हे आम्ही लपवत नाही. माणसावर येणाऱ्या जनावराचा बंदोबस्त सरकारने तात्काळ केलाच पाहिजे. पण त्यासाठी माळावरच्या प्रत्येक लांडग्याला फाशी नको.

आता सरकारचा हिशेब. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर-नगरची ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन अभयारण्यात घातली. त्यात उभ्या तालुक्यांची शेते होती. शेतकऱ्याला कुणी विचारले नाही. खरेदी-विक्री, विहीर, रस्ता अडून राहिले. कितीतरी वर्षांनी ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. माळढोक तर जवळजवळ गेलाच. लांडगा टिकला तो कागदावरच्या हद्दीमुळे नव्हे. धनगराने आणि कोरडवाहू शेतकऱ्याने त्याला आपल्या रानात सोसले, म्हणून टिकला. या सोसण्याचे मोल कुणी दिले?

लांडग्याने मेंढी मारली तर बाजारभावाच्या पंचाहत्तर टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांत जे कमी असेल ते मिळते. शेतकऱ्याच्या वाट्याला नेहमी 'जे कमी ते'च का? त्यातही ४८ तासांत कळवायचे, पंचनामा होईपर्यंत मढे हलवायचे नाही. रोज मुक्काम बदलणाऱ्या मेंढपाळाने कळप उपाशी ठेवून साहेबाची वाट पाहायची काय? वन्यजीव ही देशाची संपत्ती असेल, तर तिच्या चाऱ्याचे बिल देशाने भरावे. ते एकट्या धनगराच्या नावावर मांडू नये.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन ठराव यावेत. मेलेल्या जनावराचा पूर्ण बाजारभाव मिळावा. पंचनामा कळप असेल त्या गावी त्याच दिवशी व्हावा आणि सरपंचाचा दाखला ग्राह्य धरावा. शेतकऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या जमिनीवर कोणतेही नवे आरक्षण येऊ नये.

आणि चौथा ठराव आपला आपल्यासाठी. आपल्या शिवारात मढ्यात विष घालायचे नाही, बिळात धूर करायचा नाही. आपले घेणे लांडग्याकडे नाही, सरकारकडे आहे. वसुली तिथेच करू.